लोकप्रशासनाची पदवी : केजहून आलेल्या एका पत्राचें उत्तर

बीड जिल्ह्यांतील केज तालुक्यांतून एका भगिनीचें पत्र मला आलें. पत्र दीड पानाचें, अक्षर स्वच्छ. परंतु प्रश्न असा कीं, त्याचें उत्तर जुळविण्यास मला आठ दिवस लागले. पत्रलेखिका बी. ए. झाली आहे. आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. तोंपर्यंत आजी आणि दोन धाकटीं भावंडें हिच्या अंगावर असतात. थोरला भाऊ पुण्यास राहून चार वर्षें स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत आहे, आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा बराच भाग त्याच्या खोलीभाड्यांत व खानावळींत जातो. आतां हिला लोकप्रशासन हा विषय घेऊन एम. ए. करावयाचें आहे. घरांतलीं माणसें विचारतात, "हें करून तूं तहसीलदार होशील कां ?" तोच प्रश्न तिनें माझ्याकडे पाठविला असून खालीं एक ओळ स्वतःची जोडली आहे : "नाहीं झालें तर हे पैसे वायां गेले असें समजावें काय ?"

असा प्रश्न पडलेलीं घरें मराठवाड्यांत पुष्कळ असतील. म्हणून तिच्या संमतीनें, नांव व गांव वगळून, माझें उत्तर मी आज सर्वांसमोर वाचून दाखवीत आहें.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आडपडदा न ठेवतां देतों. या पदवीमुळें कोणी तहसीलदार होत नाहीं. आपल्या राज्यांत तहसीलदार, गटविकास अधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी व्हावयाचें तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा द्यावी लागते, आणि तिला कोणत्याही शाखेची साधी पदवी पुरते. पशुवैद्य, अभियंता, संस्कृताचा पदवीधर, सर्वांना तें दार सारखेंच उघडें अथवा सारखेंच बंद आहे. दिल्लीच्या संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षाही याच तत्त्वावर चालते. गांवचा तलाठी, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असें नांव मिळालें, त्याच्या भरतीलाही पदवी तेवढी लागते. २०२३ सालच्या तलाठीभरतींत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठीं दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका खुर्चीमागें दोनशेंहून अधिक उमेदवार उभे असतां एम. ए.ची दोन अक्षरें कोणाला पुढें ढकलतील, हा भ्रम मनांतून काढून टाकलेला बरा.

मग परीक्षेला हा विषय मुळींच उपयोगाचा नाहीं काय ? थोडा आहे. संघ लोकसेवा आयोगानें १९८७ पासून लोकप्रशासन हा ऐच्छिक विषय ठेवला. त्याच्या दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकीं २५० गुणांच्या. महाराष्ट्र आयोगाची राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली व तिच्या ऐच्छिक विषयांच्या यादींतही तो आहे. परंतु परीक्षेसाठीं पाठ केलेला विषय आणि दोन वर्षें मन लावून शिकलेला विषय यांत अंतर असतें. परीक्षेला सिद्धांताचें नांव, कर्त्याचें नांव आणि मर्यादा सांगणाऱ्या चार ओळी पुरतात. त्या चार ओळींनीं केजच्या तहसील कचेरींत आपला अर्ज कोठें अडकला हें कळत नाहीं. तें कळण्यासाठींच ही पदवी घ्यावयाची, असें माझें मत आहे; आणि तसें कळून घेण्याची जिला हौस नसेल तिनें ती घेऊं नये, हेंही त्याच मताचें दुसरें अंग आहे.

हें शास्त्र कसें उभें राहिलें तें थोडक्यांत सांगतों. राज्यकारभार कसा करावा याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचें. त्यांत दुर्ग कसे राखावे, साहूकारांस कसें वागवावें, आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेचीं झाडें तिच्या राजीखुषीविना तोडूं नयेत, इतका बारीक विचार आहे. परंतु तो राजाला केलेला उपदेश होय. कारभार हाच स्वतंत्र अभ्यासाचा विषय करावा असें १८८७ सालीं अमेरिकेंतील वुड्रो विल्सन या प्राध्यापकानें एका निबंधांत मांडलें. हाच गृहस्थ पुढें त्या देशाचा अध्यक्ष झाला. त्याचें म्हणणें असें कीं, राज्यघटना लिहिण्यापेक्षां ती चालविणें कठीण होत चाललें आहे, आणि चालविण्याचीही एक विद्या असली पाहिजे. १९२४ सालीं सिराक्यूज विद्यापीठांत या विद्येची स्वतंत्र शाळा निघाली.

मराठी मुलखाला यांत अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. मुंबईस १९२६ सालीं स्थानिक स्वराज्याच्या शिक्षणाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि नगरपालिकांच्या सेवकांना तेथें धडे मिळूं लागले. पुढें १९४९ च्या सुमारास नागपूर विद्यापीठानें लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग उघडून पदव्युत्तर शिक्षण सुरू केलें. हिंदुस्थानांतील विद्यापीठांत असा विभाग तोच पहिला. दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था त्यानंतरची, १९५४ ची. म्हणजे या विषयाचें पदव्युत्तर शिक्षण आपल्या देशांत दिल्लीकडून नागपुरास आलें नाहीं.

आतां या विद्येंत शिकवितात तरी काय ? अभ्यासक्रमाचीं नांवें मी वाचून दाखवीत नाहीं. प्रशासनाचे सिद्धांत, भारतीय प्रशासन, सेवकवर्ग, वित्त, विकास, स्थानिक शासन आणि संशोधनाच्या पद्धति हीं साधारणतः सर्वत्र असतात. त्याऐवजीं एक साधा कागद घेऊं. समजा, आपण तहसील कचेरींत एक अर्ज दिला. तो आवक नोंदवहींत चढतो. मग तो लिपिकाच्या टेबलावर जातो; त्यावर टिपणी लिहिली जाते; टिपणी अव्वल कारकुनाकडे, तेथून नायब तहसीलदाराकडे, तेथून तहसीलदाराकडे. प्रत्येक पायरीवर एक सही, एक शेरा. आपण बाहेर बांकावर बसून म्हणतों, "साहेबांनीं अडवून ठेवलें." वस्तुतः साहेबांच्या टेबलावर तो कागद एक दिवसही पडलेला नसेल, तो खालीं 'पूर्तता करावी' असा शेरा घेऊन तीन आठवडे पडून असेल, आणि काय पूर्ण करावयाचें तें आपणांस कोणी कळविलेलें नसेल.

जर्मन पंडित माक्स वेबर यानें नोकरशाहीचें जें विवेचन केलें तें येथें उपयोगी पडतें. तो म्हणतो, आधुनिक कचेरींत अधिकार माणसाचा नसून पदाचा असतो. काम लेखी असतें. आणि नियम सर्वांना सारखा लागावा अशी त्यामागची कल्पना असते. ही व्यवस्था अन्यायासाठीं निघालेली नाहीं. सरदाराच्या मर्जीवर चालणाऱ्या कारभारापेक्षां ती अधिक न्यायाची म्हणूनच निघाली. पण तिचा दोषही तिच्या गुणांतच आहे. नियमाचा हेतु विसरून नियमच हेतु होऊन बसतो. १९४७ सालीं हर्बर्ट सायमन यानें आणखी एक गोष्ट दाखविली. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याजवळ सर्व माहिती कधींच नसते, वेळही नसतो. म्हणून तो सर्वोत्तम निर्णय शोधीत बसत नाहीं. चालण्याजोगा पहिला निर्णय घेऊन पुढच्या कागदाकडे वळतो. हें ज्याला कळलें तो अर्ज निराळ्या तऱ्हेनें लिहितो. अधिकाऱ्याला जी माहिती शोधावी लागेल ती अर्जासोबतच जोडतो.

आणि कागद अडलाच तर ? आपल्या राज्यांत २०१५ सालीं लोकसेवा हक्काचा कायदा झाला. अधिसूचित सेवेला किती दिवस लागावे हें त्याखालीं ठरलेलें असतें. मुदतींत सेवा मिळाली नाहीं तर कचेरींतच पहिलें अपील, मग दुसरें, आणि तिसरें थेट आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ति होऊं शकते. हा कायदा गांवोगांव माहीत असता तर कचेरीच्या बांकावर बसणाऱ्यांची संख्या निम्म्यानें कमी झाली असती, असें मला वाटतें. मी स्वतः एका कचेरींत एका दाखल्यासाठीं तीन वेळां गेलों आणि तिन्ही वेळां मला निरनिराळा कागद मागण्यांत आला. चौथ्या वेळीं, कायद्याचें नांव लिहून, मुदतीची तारीख विचारणारा दोन ओळींचा अर्ज मीं केला. दाखला दुसऱ्या दिवशीं मिळाला. शरम मला माझीच वाटली. कारण हा विषय मी कित्येक वर्षें शिकवीत होतों.

परंतु कचेरी ही नियमांनींच चालते असें शिकविणारा शिक्षक अर्धेंच शिकवितो. याविषयीं एका विद्यार्थ्याची कथा सांगतों. तो १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेला. एम. ए.साठीं १९१५ सालीं त्यानें जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचा अर्थव्यवहार. कंपनीनें कर कसा बसविला, पैसा कोठून आणला, कोणावर खर्च केला, हें त्या तरुणानें कंपनीच्या हिशेबांतून उकलून दाखविलें. पुढें डॉक्टरेटचा विषयही त्याच जातीचा, ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. आज ज्याला आपण लोकप्रशासन म्हणतों त्याचा इतका कसून अभ्यास त्या काळीं क्वचितच कोणा मराठी माणसानें केला असेल.

तो १९१७ सालीं कराराप्रमाणें बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाला. कचेरींतले शिपाई त्याच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. शहरांत राहावयास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहांत आश्रय घेतला तेथूनही बाहेर काढण्यांत आलें. राज्याचा कारभार कसा चालावा हें शिकून आलेल्या माणसाला त्या राज्यांत रात्रीं पाठ टेकावयाला जागा मिळाली नाहीं, आणि थोड्याच दिवसांत तो मुंबईस परतला. कागद टाकणाऱ्या शिपायाला तसें करा म्हणून कोणत्याही नियमांत लिहिलेलें नव्हतें. कचेरीच्या भिंतींना समाजाचा वारा लागतो तो असा. केजच्या ज्या मुलीनें मला पत्र लिहिलें ती ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रांत येते, तें १९५८ सालीं स्थापन झालेलें मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून त्यांचेंच नांव धारण करतें; आणि त्या नामविस्तारासाठीं काय सोसावें लागलें तें मराठवाड्यांतल्या श्रोत्यांना मीं सांगावयास नको.

आतां केजकडेच वळतों, कारण या पत्राचें खरें उत्तर तेथें आहे. दोन वर्षांच्या अभ्यासांत विद्यार्थ्याला एखादा प्रश्न निवडून प्रत्यक्ष पाहणी करून प्रबंध किंवा प्रकल्प लिहावा लागतो. २०२३-२४ पासून महाराष्ट्रांतील विद्यापीठांनीं जो नवा पदव्युत्तर आराखडा स्वीकारला त्यांत प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन यांना मुद्दाम जागा दिली आहे. बहुसंख्य विद्यार्थी हें काम ग्रंथालयांतल्या चार पुस्तकांवरून उरकतात. केजच्या विद्यार्थिनीनें तसें करणें म्हणजे नदीकांठीं राहून विकतचें पाणी आणण्यासारखें आहे.

नदीचें नांव आलेंच आहे. मांजरा नदीवरील धरण केज तालुक्यांत धनेगांवास आहे. त्याच्या पाण्यावर लातूर शहर आणि भोंवतालचीं गांवें अवलंबून असतात. २०१६ च्या उन्हाळ्यांत धरण कोरडें पडलें, आणि मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. एप्रिलच्या १२ तारखेस पहिली गाडी आली तेव्हां दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. गाडीचीं छायाचित्रें देशभर झळकलीं. लोकप्रशासनाचा विद्यार्थी गाडीपाशीं थांबत नाहीं; तो वर्षभर मागें जातो. पाऊस कमी झाला हें खरें. पण धरणांत जें होतें त्याची वांटणी कोणी ठरविली? धरण राखणारा जलसंपदा विभाग एक, पिण्यासाठीं पाणी राखून ठेवण्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा, नळावाटे तें पोंचविणारी महानगरपालिका तिसरी, कालव्याचें पाणी मागणारे शेतकरी चौथे. धरण एका जिल्ह्यांत, मोठें गिऱ्हाईक दुसऱ्या जिल्ह्यांत. पहिली धोक्याची सूचना कोणत्या कागदावर, कोणत्या तारखेला लिहिली गेली, आणि तो कागद किती दिवस फिरला ? माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीं हे कागद मागतां येतात. दहा रुपयांच्या अर्जावर एम. ए.चा उत्तम प्रबंध उभा राहूं शकेल.

दुसरें क्षेत्र जुन्या दप्तराचें. केज १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. दिवाण सालारजंग यांनीं १८६५ सालीं जिल्हाबंदी करून जी रचना घातली तींत जिल्ह्याच्या मुख्याला अव्वल तालुकदार म्हणत. गांवचे अधिकारी पटेल आणि पटवारी. आजही केजचा म्हातारा माणूस 'तहसील' म्हणतो तेथें सातारचा म्हातारा 'मामलेदार कचेरी' म्हणेल. दोन राज्यांचा इतिहास असा बोलण्यांत राहून गेला आहे. त्या काळचे कागद मोडींत व उर्दूंत आहेत, आणि २०२३ सालीं मराठवाड्यांतील निजामकालीन नोंदी तपासण्यासाठीं न्यायमूर्ति शिंदे यांची समिति नेमली गेली तेव्हां ते वाचणाऱ्या माणसांचा शोध घ्यावा लागला. त्या वादाच्या बऱ्यावाईटांत मी येथें शिरत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, ज्या तरुणाला लोकप्रशासनाबरोबर मोडी आणि थोडी उर्दू येईल त्याच्या हाताला तालुक्यांत काम आहे.

तिसरें क्षेत्र पत्रलेखिकेच्या घरांतलेंच. आपली सारी शासनव्यवस्था एक गोष्ट गृहीत धरून चालते : माणूस आपल्या गांवीं राहतो. शिधापत्रिका गांवची, मतदारयादी गांवची, शाळेचा पट गांवचा, आरोग्यसेविकेची नोंदवही गांवची. ऊसतोडीला जाणारें कुटुंब वर्षांतले पांच-सहा महिने या सर्व वह्यांबाहेर असतें. १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून झाला आणि १ मे १९६२ पासून कारभार जिल्ह्याजिल्ह्यांत आला. कारभार लोकांच्या दाराशीं नेण्याचा तो मोठाच प्रयोग होता. परंतु दाराला कुलूप असेल तर काय, याचा विचार त्यांत नव्हता. पुढें मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं, २०१९ पासून शिधापत्रिका दुसऱ्या राज्यांतही चालावी अशी व्यवस्था होऊं लागली. हीं ठिगळें होत. उपयोगी आहेत, पण ठिगळें.

याच कारणानें एक भयंकर गोष्ट अनेक वर्षें कोणाच्याही वहींत नीट उतरली नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ सालीं विधानपरिषदेच्या उपसभापति नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. पाहणी ८२,३०९ स्त्रियांची झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. शंभरांत सोळाहून अधिक. हा आंकडा एका दिवसांत वाढलेला नाहीं. प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद कोठेंतरी होती. कोणीं त्या नोंदी एकत्र मांडल्या नव्हत्या, कारण तसें करणें हें कोणाचेंच नेमून दिलेलें काम नव्हतें. श्रोतेहो, 'हें कोणाचें काम आहे ?' हा लोकप्रशासनाचा पहिला प्रश्न आहे, आणि तो न विचारल्याची किंमत येथें माणसांच्या शरीरांनीं दिली.

शासनाला नवें कांहीं सुचतच नाहीं असें मात्र नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें वि. स. पागे यांच्या कल्पनेवरून रोजगार हमी योजना उभी केली. मागेल त्याला काम, हें १९७७ सालीं कायद्यांत आलें. आणि २००५ सालीं केंद्रानें देशासाठीं कायदा केला तेव्हां याच योजनेचा अनुभव पुढें होता. तिचें यश आणि तिचीं खोटीं हजेरीपत्रकें, दोन्ही अभ्यासाचे विषय आहेत. तालुक्यांतल्या कोणत्याही पन्नाशी-साठी उलटलेल्या बाईला विचारावें. पुस्तकांत नाहीं तें ती सांगेल.

आतां व्यवहाराकडे येतों. ही पदवी कोठें घ्यावी ? छत्रपति संभाजीनगरास विद्यापीठांत राहून शिकणें उत्तम. ग्रंथालय, वादविवाद, शिक्षकांची संगत हीं पत्रांतून मिळत नाहींत. धाराशिव येथेंही त्याच विद्यापीठाचें उपकेंद्र आहे. तेथें त्या वर्षीं कोणते विषय चालूं आहेत याची चौकशी करावी. परंतु जिला घर सोडतां येत नाहीं तिनें खंत करूं नये. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ लोकप्रशासनांत एम. ए. देतें; कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, कमींत कमी दोन व अधिकांत अधिक चार वर्षांत पुरें करतां येतें, आणि प्रवेश वर्षांतून दोनदां असतो. अडचण माध्यमाची, पुस्तकें इंग्रजी व हिंदींत. नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठींतून शिकवितें. त्याच्या अभ्यासकेंद्रांवर चालू वर्षीं हा विषय आहे कीं नाहीं तें प्रथम विचारावें. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. 'घरबसल्या सहा महिन्यांत पदवी' असे फलक मात्र पाहावेत आणि पुढें चालूं लागावें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादींत नांव आहे कीं नाहीं हें पाहिल्याखेरीज एक रुपया भरूं नये.

पदवीनंतर काय, याचेंही स्पष्ट उत्तर द्यावयास हवें. शिक्षकी करावयाची असेल तर खुल्या वर्गास ५५ टक्के, राखीव वर्गास ५० टक्के गुण मिळवून नेट अथवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी. लोकप्रशासन हा त्यांत स्वतंत्र विषय आहे. पण महाविद्यालयांत हा विषय थोड्या ठिकाणीं आहे आणि नेमणुका त्याहून थोड्या. त्या भरंवशावर घर मांडूं नये. सामाजिक संस्था, पाणलोटाचीं कामें, पाहणी करणाऱ्या संस्था यांना तालुक्याचा कारभार जाणणारीं माणसें लागतात. पगार बेताचे असतात. आणि एक जागा अशी आहे कीं जिचा विचार घरांतल्यांनीं केलेला दिसत नाहीं. २०११ पासून आपल्या राज्यांतील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. २०१५ पासूनच्या चौदाव्या वित्त आयोगानें केंद्राचा निधि थेट ग्रामपंचायतींच्या खात्यांत आणला. खातें गांवाचें, सही सरपंचाची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, आणि सरपंच बाई पुष्कळदां कागद न वाचतां सही करते, कारण वाचून दाखविणारा पुरुष घरांतलाच असतो. अर्थसंकल्प वाचतां येणारी, ग्रामसभेच्या इतिवृत्तांत काय लिहिलें जातें तें तपासणारी एक मुलगी गांवांत असणें ही नोकरी नव्हे, हें मला मान्य आहे. तरीही ती तेथें असल्यानें गांवाच्या पैशाला पाय फुटत नाहींत.

म्हणून तिच्या दुसऱ्या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. भावाच्या मागोमाग पुण्यास खोली घेऊन, परीक्षा हेंच लक्ष्य ठेवून, ही पदवी वाटेंत पडलेली म्हणून उचलावयाची असेल तर घरच्यांचें म्हणणें बरोबर आहे. एका उचलीवर दोन खोल्या चालणार नाहींत. गांवांत राहून, मुक्त विद्यापीठांतून, आपल्याच तालुक्यावर प्रबंध लिहिण्याच्या तयारीनें ती घ्यावयाची असेल तर घ्यावी. राज्यसेवेची परीक्षा सोबत द्यावी, पण तिला एक ठराविक मुदत घालावी. दोन अथवा तीन प्रयत्न, आणि ती मुदत आजच घरांत सांगून ठेवावी. भावाशींही तेंच बोलावें. चार वर्षें पुण्यांत काढलेल्या मुलाला हें धाकट्या बहिणीकडून ऐकणें जड जाईल. परंतु बापाला त्याच्याशीं तें बोलवत नसावें, असें पत्राच्या ओळींतून मला दिसलें.

आतां एक तांतडीची सूचना, कारण पत्रांत तिनें आईबाप कारखान्याकडे निघण्याची वेळ जवळ आल्याचें लिहिलें आहे. शिष्यवृत्तीसाठीं उत्पन्नाचा दाखला लागेल. जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, वडिलांच्या नांवचे कागद लागतील, आणि कांहींवर पालकांची सही अथवा स्वयंघोषणापत्र मागतात. एकदां टोळी पश्चिम महाराष्ट्रांत अथवा कर्नाटकांत गेली कीं एका सहीसाठीं पांच महिने थांबावें लागेल. तेव्हां हे सर्व अर्ज गाडी भरण्यापूर्वींच आपले सरकार सेवा केंद्रांत दाखल करावेत, प्रत्येकाची पोंच घ्यावी, आणि पोंचपावतीवर सेवा मिळण्याची तारीख लिहिलेली आहे कीं नाहीं तें तेथेंच, केंद्रचालकासमोर, वाचून पाहावें.